निळ्या साल्व्हियाचा ताटवा का टिकत नव्हता : पुण्यातील एका सोसायटीच्या बागेचा प्रकरण अभ्यास

पुण्याच्या पश्चिम भागातील एका मोठ्या गृहनिर्माण संस्थेने प्रवेशद्वारापासून क्लबहाऊसकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने निळ्या साल्व्हियाचा लांब ताटवा करायचे ठरवले. एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन पाहून आलेल्या काही सभासदांच्या मनात तो गडद, किंचित जांभळट निळा रंग भरला होता, आणि झेंडू, पिटुनिया, शेवंती यांच्या गर्दीत असा निळा रंग देणारे सोपे फुलझाड क्वचितच मिळते, हे त्यांचे म्हणणे योग्यच होते. बाग समितीने जूनच्या पहिल्या पावसाबरोबर रोपे लावली. ऑगस्ट संपेपर्यंत त्यांतली बहुतेक मेली. पुढच्या वर्षी जुलैत अधिक शेणखत घालून आणि अधिक रोपे आणून तोच प्रयोग पुन्हा झाला आणि तसाच फसला. तिसऱ्या वर्षी लागवड ऑक्टोबरात केली. या वेळी रोपे जगली, परंतु ती गुडघ्याच्याही वर वाढून आडवी पडली, फुले विरळ आली आणि फेब्रुवारीत एकेक रोप दुपारी मान टाकून आठवडाभरात वाळू लागले. या टप्प्यावर समितीने ताटव्याची पाहणी करण्यासाठी मला बोलावले.

हे प्रकरण सविस्तर मांडण्याजोगे वाटते, कारण त्यात हयगय कोणाचीच नव्हती. माळीकाका अनुभवी होते, खर्चात हात आखडलेला नव्हता, पाणी रोज दिले जात होते आणि खताचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले होते. ज्या जमिनीत आणि ज्या हवेत ही वनस्पती घडली तिची ओळख मात्र कोणी करून घेतलेली नव्हती. त्यामुळे जी काळजी घेतली जात होती तिचा मोठा भाग रोपांना अपायकारक ठरत होता.

रोप कोणते होते

आपल्याकडच्या रोपवाटिकांत 'निळी साल्व्हिया' म्हणून जे रोप मिळते ते बहुतेक वेळा साल्व्हिया फॅरिनेशिया या जातीचे असते, आणि त्यातही 'व्हिक्टोरिया' हे वाण किंवा त्याच्या जवळचे एखादे. या ताटव्यातली रोपे त्याच वाणाची होती. तुळस आणि पुदिना ज्या कुळात येतात त्याच कुळातली ही वनस्पती. तिचे खोड चौकोनी असते, पाने समोरासमोर येतात आणि फुले उभ्या तुऱ्यावर वलयांनी लागतात. चांगल्या उन्हात 'व्हिक्टोरिया' साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर उंच होते आणि आधाराशिवाय ताठ उभी राहते. त्यामुळे आडवी पडलेली रोपे हेच पहिले लक्षण होते की काहीतरी मुळापासून चुकते आहे.

जॉर्ज बेंथम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. तिचे मूळ स्थान अमेरिकेतील टेक्सास व न्यू मेक्सिको आणि त्यांना लागून असलेला उत्तर मेक्सिको हे आहे. मध्य टेक्सासमधील एडवर्ड्‌स पठार चुनखडकाचे आहे. तिथे माती उथळ, दगडगोट्यांनी भरलेली आणि सामू (म्हणजे पीएच, मातीची आम्ल-अल्कता) अल्कधर्मी असलेली असते, पाऊस आला तरी पाणी खडकाच्या भेगांतून निघून जाते आणि उन्हाळा कडक असतो. अशा जागी ही साल्व्हिया बहुवर्षायू आहे : थंडीत वरचा भाग वाळला तरी वसंतात ती मुळापासून पुन्हा फुटते. आपण मात्र तिला एका हिवाळ्याची पाहुणी मानतो.

माळीकाकांचा अनुभव लाल साल्व्हियाचा होता आणि घोटाळ्याचे एक मूळ इथे होते. लाल साल्व्हिया, म्हणजे साल्व्हिया स्प्लेंडेन्स, ब्राझीलच्या ओलसर डोंगराळ वनांतली आहे. तिला थोडी सावली चालते, माती सतत ओलसर लागते आणि भरपूर सेंद्रिय खत मानवते. एकाच नावाखाली शेजारी शेजारी विकल्या जाणाऱ्या या दोन वनस्पतींच्या गरजा जवळजवळ उलट आहेत. ज्या रीतीने त्यांनी लाल साल्व्हिया वर्षानुवर्षे उत्तम फुलवली होती, तीच रीत त्यांनी निळीला लावली. यात त्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल, कारण रोपांबरोबर आलेल्या चिठ्ठीवर दोन्हींसाठी एकच सूचना छापलेली होती.

मुळे आणि माती काय सांगत होती

मान टाकलेले एक रोप मातीच्या गड्ड्यासह काढले. बाहेरची मुळे तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती. दोन बोटांत धरून ओढले की मुळाची साल मोज्यासारखी निघून येत होती आणि आत फक्त दोऱ्याएवढा गाभा उरत होता. पाणी साचलेल्या मातीत पिथियमसारख्या बुरशीसदृश सूक्ष्मजीवांमुळे होणाऱ्या मूळकुजीची ही ठळक खूण आहे. माती मात्र हाताला गार आणि ओली लागत होती. म्हणजे रोप पाण्याअभावी कोमेजत नव्हते. पाणी उचलणारी मुळेच उरली नसल्याने ते कोमेजत होते. माळीकाकांचा प्रश्न अगदी साधा होता : "दुपारी झाडं मान टाकतात, मग पाणी द्यायला नको का?" दुपारी रोप कोमेजले म्हणून संध्याकाळी पाणी द्यायचे, त्या पाण्याने आणखी मुळे कुजायची आणि दुसऱ्या दिवशी रोप अधिक कोमेजायचे, असे हे चक्र सुरू होते. या अवस्थेत बागेत पहिले उचलायचे ते रोपालगतची चिमूटभर माती, झारी नंतर.

निचरा तपासण्यासाठी ताटव्यात सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेतला, तो पाण्याने भरून एकदा जिरू दिला आणि पुन्हा भरला. दुसऱ्या वेळी भरलेले पाणी तासाला किमान अडीच सेंटिमीटर उतरायला हवे. इथे ते बोटभरही उतरले नाही. त्याच खड्ड्याच्या भिंतीत कारण दिसत होते. वर टाकलेली लाल माती वीतभर जाडीची होती आणि तिच्याखाली मूळची काळी माती, तीही बांधकामाच्या वेळी वाहनांनी दाबून घट्ट केलेली. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि तिची छिद्रे मिटतात. लाल मातीतून खाली आलेले पाणी या थरावर येऊन थांबत होते आणि नेमके तिथेच मुळांचे जाळे होते. पावसाळ्यात रस्त्याच्या फरसबंदीचा उतार याच ताटव्याकडे असल्याने अर्ध्या रस्त्याचे पाणीही इथेच येत होते. उरलेल्या आठ महिन्यांत शेजारच्या हिरवळीसाठी लावलेले तुषार संच रोज सकाळी ताटव्याचा पुढचा अर्धा भाग भिजवत होते. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात या मातीला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा यांचा योग्य मेळ, येत नव्हता.

समितीतील एका सभासदांनी मातीचा सामू तपासून घेतला होता. तो ८ च्या आसपास आला, तेव्हा तो खाली आणण्यासाठी गंधक मिसळावे असा सल्ला त्यांना मिळाला होता. हा सल्ला गुलाबासाठी किंवा अझेलियासाठी कदाचित विचारात घेता आला असता. निळ्या साल्व्हियासाठी तो निरर्थक होता, कारण चुनखडकावर वाढणाऱ्या वनस्पतीला अल्कधर्मी माती परकी नाही. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात ही गोष्ट एरवी तक्रारीची, पण या एका झाडाच्या बाबतीत ती सोयीची आहे. मातीतील रसायनांच्या बाजूने पुणे आणि मध्य टेक्सास यांच्यात फारसे अंतर नाही. सगळे अंतर मातीच्या रचनेत आहे, म्हणजे तिच्यातून हवा आणि पाणी किती मोकळेपणाने फिरते यात.

पावसाचाही हिशेब करून पाहिला, कारण "आपल्याकडे पाऊस फार, म्हणून हे झाड होत नाही" असे मत समितीत पक्के झाले होते. पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेची वार्षिक सरासरी साधारण ७५० मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि पश्चिमेकडे सरकावे तसा पाऊस वाढतो. मध्य टेक्सासमधील ऑस्टिन शहरात वर्षाला ८५० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. म्हणजे जिथे ही वनस्पती रानात वाढते तिथला पाऊस पुणे शहरापेक्षा कमी नाही. परंतु तिथे तो वर्षभर विखरून येतो, मे आणि ऑक्टोबरच्या सुमारास थोडा जास्त, आणि मधल्या दिवसांत माती कोरडी होते. पुण्यात वर्षाच्या पावसाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्या काळात आठवडेच्या आठवडे ऊनही नसते. म्हणून पावसाची बेरीज पाहून इथे काहीच ठरत नाही. मुळांना सलग किती दिवस हवा मिळाली नाही हे पाहावे लागते.

पांढरी लव आणि गंधकाची फवारणी

तिसऱ्या वर्षी रोपे जगली असताना त्यांच्यावर आणखी एक संकट आले. फुलांच्या तुऱ्यांचे देठ आणि पुष्पकोश पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे दिसू लागले, तेव्हा ही भुरी, म्हणजे पांढऱ्या बुरशीचा रोग, असावी असे समजून पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी करण्यात आली. पंधरवड्याने पांढरेपणा तसाच दिसला, म्हणून ती पुन्हा केली. वास्तविक हा पांढरेपणा म्हणजे या जातीची ओळखच आहे. देठावर आणि पुष्पकोशावर दाट पांढरी लव असते आणि तिच्यामुळेच निळा रंग अधिक खुलून दिसतो. चांगल्या उन्हात वाढलेल्या रोपावर ती विशेष उठून दिसते.

खरी भुरी ओळखणे अवघड नाही. ती आधी पानांच्या पृष्ठभागावर वेगवेगळ्या ठिपक्यांनी येते, ठिपके पसरून एकमेकांत मिसळतात, बोटाने पुसले तर पावडर निघते आणि पान पुढे पिवळे पडते. इथे पाने स्वच्छ हिरवी होती आणि पांढरेपणा फक्त तुऱ्यावर, सर्व तुऱ्यांवर सारखा होता. पिठ्या ढेकूण असता तर पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके, चिकट स्राव आणि मुंग्यांची ये-जा दिसली असती. फवारणीचा परिणाम मात्र झाला, आणि तो वाईट झाला. फेब्रुवारीअखेर पुण्यात दुपारचे तापमान ३२ अंशांच्या पुढे जाऊ लागते, आणि अशा उन्हात गंधकाने पानांच्या कडा करपतात. पाहणीच्या वेळी दिसलेल्या तपकिरी कडा रोगाच्या नव्हत्या, औषधाच्या होत्या. रोगाचे नाव निश्चित होईपर्यंत फवारणी न करणे हा नियम फुलझाडांच्या बाबतीत फार कमी पाळला जातो, आणि त्याची किंमत झाड मोजते, याचे मनापासून वाईट वाटते.

उन्हाचा प्रश्न, जो जूनमध्ये दिसत नाही

ताटव्याचा दक्षिणेकडचा भाग इमारतीजवळ होता आणि तिथली रोपे सर्वांत उंच, सर्वांत लेची आणि सर्वांत कमी फुलांची होती. समितीचे म्हणणे असे की जागा निवडताना ऊन तपासले होते आणि ते भरपूर होते. ते खरेही होते, पण ती तपासणी मे महिन्यात झाली होती. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा उंच इमारतीचीही सावली तिच्या पायथ्याशीच राहते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र मध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून केवळ ४८ अंशांवर असतो, आणि इमारतीची सावली उत्तरेकडे तिच्या उंचीच्या सुमारे नऊ दशांश अंतरापर्यंत पोचते. ३६ मीटर उंचीची इमारत म्हणजे सुमारे ३२ मीटर सावली, तीही भर दुपारी. सकाळी आणि संध्याकाळी ती याहून लांब. हिवाळी फुलांची जागा हिवाळ्यातल्या उन्हावर ठरवावी लागते, ही गोष्ट एकदा लक्षात आली की बागेचा अर्धा नकाशा बदलतो. निळ्या साल्व्हियाला दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन हवे. इथे या टोकाला दोन तासही मिळत नव्हते.

सावलीत वाढ लांबते, त्यात दर आठवड्याला दिलेल्या १९:१९:१९ या (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या) विद्राव्य खताची भर पडली होती आणि त्याआधी दोन वर्षे ओतलेले शेणखत मातीत होतेच. नत्र भरपूर, ऊन थोडे आणि पाणी अखंड, या तिन्हींचा मिळून परिणाम म्हणजे पानांचा भार आणि कमकुवत खोड. उथळ, कस नसलेल्या मातीतून आलेल्या झाडाला इतके अन्न पचवण्याची सवय नसते.

समितीच्या बैठकीत खत बंद करण्याचा मुद्दा सर्वांत अवघड गेला. न देणे ही काळजी वाटत नाही, हे मी समजू शकतो. त्या वेळी मी त्यांना 'हेन्री ड्युएलबर्ग' या वाणाची हकीकत सांगितली. ग्रेग ग्रँट या टेक्सासमधील उद्यानतज्ज्ञांना एका लहानशा ग्रामीण दफनभूमीत ही साल्व्हिया वाढलेली आढळली, जिथे कोणीही तिला पाणी किंवा खत घालत नव्हते. ज्या माणसाच्या थडग्यावर ती होती त्याचेच नाव या वाणाला दिले गेले. त्याच जागी आढळलेल्या पांढऱ्या फुलांच्या वाणाला 'ऑगस्टा ड्युएलबर्ग' असे नाव मिळाले. पुढे 'हेन्री ड्युएलबर्ग' टेक्सासमध्ये 'टेक्सास सुपरस्टार' या शिफारस केलेल्या झाडांच्या यादीत आले. ही हकीकत ऐकल्यानंतर खताचा मुद्दा मान्य झाला.

खडीचा थर का उपयोगी पडला नसता

समितीने माझ्या आधी एका कंत्राटदाराकडून एक आराखडा घेतला होता. त्यात सध्याच्या ताटव्याची माती काढून तळाशी खडीचा थर द्यावा आणि वर तीच माती भरावी असे सुचवले होते. कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालण्याच्या पद्धतीचेच हे मोठे रूप. हा उपाय सर्वत्र रूढ असला तरी त्याने अपेक्षित काम होत नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती तळाशी पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते केशाकर्षणाने तिथेच धरून ठेवले जाते. त्यामुळे खडीच्या वर ओल्या मातीचा एक पट्टा कायम राहतो आणि मुळांना मिळणारी कोरडी, हवेशीर खोली उलट कमी होते. त्यातून चहूबाजूंनी काळी माती असल्यावर तो खड्डा पावसाळ्यात टाकीसारखा भरतो, कारण खडीतले पाणी जाणार कुठे हा प्रश्न तसाच राहतो.

काळ्या मातीत थोडी वाळू मिसळणे हा दुसरा सुचवलेला उपाय होता. चिकणमातीचे कण वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या भरून टाकतात. वाळूचे प्रमाण मातीपेक्षा जास्त होईपर्यंत निचरा सुधारत नाही आणि मधल्या प्रमाणात तर मिश्रण वाळल्यावर अधिकच कठीण होते. खाली खोदण्याऐवजी वर चढणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

केलेली फेरआखणी

नवा ताटवा जुन्याच रेषेत पण गादीवाफ्याच्या रूपात केला. जमीन खोदली नाही. फक्त काळ्या मातीचा वरचा दाबलेला पापुद्रा कुदळीने ठिकठिकाणी फोडला आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा, मधे किंचित फुगीर असा वाफा भरला. मिश्रणात साधारण दोन भाग पोयटा माती, दोन भाग बारीक मुरूम आणि धुतलेली जाड क्रश सँड मिळून, आणि जेमतेम अर्धा भाग पूर्ण कुजलेले शेणखत होते. क्रश सँड धुऊन घेण्याचा आग्रह धरला, कारण तिच्यातली भुकटी गेली नाही तर तीच छिद्रे बुजवते. कोकोपीट वगळले, ते पाणी धरून ठेवते आणि इथे नको होते ते नेमके तेच. वाफ्याची कड विटांनी बांधली, पण विटांमध्ये दरजा भरल्या नाहीत, म्हणजे पाणी बाजूने निघत राहील. रस्त्याच्या बाजूने उथळ चर काढून फरसबंदीचे पाणी पुढच्या पावसाळी गटाराकडे वळवले. या एका चराने बहुधा सर्वांत जास्त काम केले असावे, आणि तो सर्वांत स्वस्त होता.

हिरवळीचे तुषार संच ताटव्यापासून दूर वळवले आणि वाफ्यात ठिबकच्या नळ्या टाकल्या. ठिबकही रोज चालवायचे नाही. मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालून कोरडे लागले तरच चालवायचे, असे ठरले. हिवाळ्यात ही पाळी साधारण चार दिवसांनी आली. इमारतीजवळचा सावलीचा भाग साल्व्हियातून वगळला आणि तिथे सावलीत रमणारी पानशोभेची झाडे दिली. उतारावरच्या सर्वांत खालच्या टोकाला चर काढूनही पाणी थांबते हे दिसत होते, म्हणून तिथे कर्दळ लावली. दक्षिण अमेरिकेतील साल्व्हिया युलिजिनोसा ही आकाशी फुलांची जात ओल्या जमिनीत आनंदाने वाढते आणि त्या जागी ती आदर्श ठरली असती, परंतु तिची खात्रीची रोपे मिळाली नाहीत.

तयार फुललेली रोपे विकत घेण्याऐवजी बियांपासून सुरुवात करायचे ठरले, याचे कारण वेळापत्रक आपल्या हाती राहावे हे होते. ऑगस्टच्या अखेरीस आच्छादित जागेत प्रोट्रेमध्ये, म्हणजे रोपांसाठीच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये, पेरणी केली. बी बारीक असते, एका ग्रॅममध्ये ८०० च्या आसपास बसते, आणि भिजल्यावर त्याभोवती सब्जासारखे बुळबुळीत आवरण येते. म्हणून ते खोल पुरायचे नाही, हलक्या हाताने नुसते दाबून वर मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. २१ ते २४ अंश तापमानात दोन आठवड्यांच्या आत उगवण होते. पुण्यात पावसाळ्याच्या शेवटी हे तापमान आपोआप मिळते. पाणी वरून न देता ट्रे खालून भिजवला, कारण कोवळ्या रोपांची मर बहुतेक वेळा वरच्या ओलीनेच सुरू होते. तीन-चार पानजोड्या आल्यावर प्रत्येक रोपाचा शेंडा खुडला. हे करताना माळीकाकांचा जीव खालीवर होत होता, पण त्यामुळेच एका खोडाऐवजी चार-पाच खोडे फुटतात आणि पुढे तेवढे तुरे येतात.

पुनर्लागण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस माघारी गेल्यावर केली. अंतर ३० सेंटिमीटर ठेवले, ओळी एकमेकींच्या मधल्या जागेत आल्या. सुरुवातीला ताटवा उघडा आणि दरिद्री दिसला, तेव्हा मधे आणखी रोपे घालावीत अशी सूचना आली. ती स्वीकारली नाही, कारण हवा खेळण्यासाठी हीच जागा लागणार होती. रोपाच्या बुंध्याभोवती पालापाचोळ्याऐवजी बारीक खडीचे आच्छादन केले. पालापाचोळा बुंध्याशी ओल धरतो. खडी वरचा थर कोरडा ठेवते आणि माती उडू देत नाही. लागवडीनंतर खताची एकच हलकी मात्रा दिली, तीही कळ्या दिसू लागल्यावर.

काय झाले

पहिले तुरे डिसेंबरच्या मध्यानंतर उमलले आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ताटवा एकसंध निळा झाला. रोपे दोन फुटांच्या आत राहिली आणि एकालाही काठीचा आधार द्यावा लागला नाही. तुऱ्यातली खालची फुले संपत आली की पूर्ण तुरा खालच्या पानजोडीच्या वर कापायचा, ही सूचना माळीकाकांनी इतकी मनापासून पाळली की मार्चअखेरपर्यंत नवे तुरे येत राहिले. मूळकुजीने काही रोपे या वेळीही गेली. ती सर्व कर्दळीच्या लगतच्या, म्हणजे सर्वांत खालच्या ओळींतली होती, आणि त्यामुळे निदानावरचा विश्वास अधिकच दृढ झाला. फेब्रुवारीत पांढरी माशी थोडी दिसली. पिवळे चिकट सापळे आणि पानांच्या खालच्या बाजूस जोराने पाणी मारणे एवढ्यावर ती आटोक्यात राहिली.

जानेवारीत ताटव्यावर सातेरी आणि फुलोरी मधमाश्या, तसेच मोठे काळे भुंगे दिवसभर येत असत. साल्व्हियाच्या फुलात दोनच कार्यक्षम पुंकेसर असतात आणि प्रत्येकाचा परागकोश एका लांबट दांड्याच्या टोकाशी असतो. माशी मधासाठी आत शिरताना त्या दांड्याचे दुसरे टोक ढकलते आणि परागकोश तरफेसारखा खाली येऊन तिच्या पाठीला टेकतो. ख्रिश्चन कोन्राड श्प्रेंगेल यांनी फुले आणि कीटक यांच्या संबंधाविषयी १७९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रचनेचे वर्णन केलेले आहे. संस्थेतील मुलांना हे एका गवताच्या काडीने करून दाखवले. काही पालकांना मधमाश्यांची भीती वाटली, विशेषतः शाळेच्या बसथांब्याजवळ. तेव्हा ताटवा न हलवता थांब्यावरचा बाकच पलीकडच्या बाजूला नेला, आणि हा निर्णय समितीने स्वतःहून घेतला याचे समाधान वाटते.

एप्रिलच्या आरंभी सर्व रोपे जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर छाटली. उन्हाळ्यात ठिबकच्या मोजक्या पाण्यावर त्यांनी पुन्हा पाने धरली आणि मेमध्ये तुरळक फुलेही दिली. जूनपासून पाणी आणि खत पूर्ण बंद ठेवले आणि दाट झालेल्या फांद्या विरळ केल्या. पावसाळ्यानंतर वाफ्याच्या फुगीर मध्यभागातली निम्म्याहून अधिक रोपे जिवंत होती. कडेच्या ओळींत थोडीच उरली. जी उरली ती दुसऱ्या हिवाळ्यात बियांच्या नव्या रोपांपेक्षा दोन-तीन आठवडे आधी फुलली आणि अधिक रुंद पसरली. ज्या वनस्पतीला आपण एका मोसमाची समजतो तिला पुण्यात, उंच आणि मोकळ्या जागी, बहुवर्षायू म्हणून वागवता येते असे या एका वर्षाच्या अनुभवावरून म्हणता येईल, मात्र सर्व रोपे टिकतील असे गृहीत धरून नियोजन करू नये.

म्हणून संस्थेने आता दुहेरी व्यवस्था ठेवली आहे. फेब्रुवारीत फुलांशिवायच्या कोवळ्या फांद्यांची सात-आठ सेंटिमीटरची छाटकलमे वाळूमिश्रित माध्यमात लावली जातात, पावसाळाभर ती क्लबहाऊसच्या पत्र्याच्या शेडखाली राहतात आणि ऑक्टोबरात ताटव्यातल्या रिकाम्या जागा त्यांनी भरल्या जातात. कलमे कमी पडली तर ऑगस्टच्या पेरणीतली रोपे वापरायची. कर्दळीलगतच्या दोन ओळी यापुढे साल्व्हियाला द्यायच्या नाहीत आणि कर्दळीचा पट्टा तेवढा वर सरकवायचा, हा ठरावही समितीने मंजूर केला आहे.